मोड : जुन्या वस्तूंच्या किमतीचं इंजिनिअरिंग

मित्रांनो, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या नोट्समधली एक व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. मशीनचं आयुष्य संपल्यावर ते विकून जे पैसे येतात, ती त्याची 'सॅल्व्हेज व्हॅल्यू'. परीक्षेत हा आकडा 'गिव्हन' असतो. तो कोणी दिला, कसा ठरवला, हे कोणी विचारत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हा इंग्रजी शब्द मला आधी भेटला. त्याच अर्थाचा आपला मराठी शब्द मात्र भोकरच्या भांड्यांच्या दुकानात भेटला. तो शब्द म्हणजे 'मोड'. जुनं पितळेचं पातेलं दिलं की दुकानदार ते काट्यावर ठेवतो, मोडीचा भाव लावतो आणि नव्या भांड्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा करतो. आपलं अख्खं चॅप्टर दोन अक्षरांत!

या लेखात आपण हाच 'गिव्हन' आकडा काढायला शिकणार आहोत. घरातला फ्रिज, कपाट, हंडा, टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी यांची जुनेपणी काय किंमत येते आणि का? हा प्रश्न फक्त दिवाळीच्या साफसफाईचा नाही. आपल्या नांदेड-लातूर भागात पाऊस रुसला किंवा जास्तच आला, की कितीतरी घरांत पहिला विचार हाच होतो : घरातलं काय विकता येईल?

१. प्रत्येक वस्तूला दोन किमती

पहिली किंमत वापराची. वस्तू अजून किती वर्षं चालेल आणि किती चांगली चालेल, यावर ती ठरते. दुसरी किंमत मोडीची. वस्तू तोडली तर त्यातून किती तांबं, पितळ, लोखंड, लाकूड निघेल, यावर ती ठरते. बाजारात वस्तू विकली जाते ती या दोन्हींपैकी जी जास्त असेल त्या किमतीला, आणि त्यातूनही नेण्या-आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा होतो.

आमच्या भागात हातगाडी घेऊन येणारे एक भंगारवाले चाचा आहेत. त्यांना मी विचारलं, "चाचा, फ्रिज चालू आहे की बंद, हे तुम्ही विचारतच नाही?" ते म्हणाले, "बाई, चालू असला तर तुम्ही मला कशाला बोलावता? मी मोटारीत तांबं किती निघतंय तेवढं बघतो." एका वाक्यात त्यांनी दोन्ही किमती वेगळ्या करून दाखवल्या. वापराची किंमत संपली की त्यांचं काम सुरू होतं.

२. घसारा : पुस्तकातला आणि बाजारातला

आता थोडं गणित. समजा वॉशिंग मशीन २०,००० रुपयांचं आहे, आयुष्य १० वर्षं आणि शेवटी मोड २,००० रुपये. 'स्ट्रेट लाईन' पद्धतीने दरवर्षी १,८०० रुपये कमी होतात. म्हणजे तीन वर्षांनी किंमत १४,६०० रुपये. कागदावर छान दिसतं.

आता दुसरी पद्धत, 'रिटन डाऊन व्हॅल्यू'. यात दरवर्षी उरलेल्या किमतीचे ठराविक टक्के कमी होतात. १० वर्षांत २०,००० चे २,००० व्हायचे तर हा दर सुमारे २०.६ टक्के येतो. तीन वर्षांनी किंमत उरते साधारण १०,०२४ रुपये. म्हणजे आयुष्य दहा वर्षांचं, पण निम्मी किंमत पहिल्या तीन वर्षांतच गेली! बाजाराचा अनुभव या दुसऱ्या पद्धतीच्या जास्त जवळ आहे. धंद्यातल्या वस्तूंसाठी आयकराच्या नियमांतही हीच पद्धत मुख्यतः चालते : फर्निचरला १० टक्के, साधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के आणि कॉम्प्युटरला ४० टक्के (२०१७-१८ च्या आधी तर ६० टक्के होते). यावरून सरकारच्या हिशेबात कोणती वस्तू किती लवकर म्हातारी होते ते कळतं.

पण खरं सांगायचं तर सेकंड हँड बाजारात १०,००० सुद्धा मिळणं कठीण. एक महिना वापरलेलं मशीनही दुकानातून बाहेर पडल्याबरोबर भावात धाडकन खाली येतं. एका महिन्यात बेअरिंग तर झिजलेलं नसतं! मग झिजलं काय?

३. झिजतो तो विश्वास

याचं उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दिलं. जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा त्याचा लेख आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं! (मित्रांनो, रिजेक्ट झालेल्या प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल वाईट वाटून घेऊ नका.)

त्याचा मुद्दा आपण फ्रिजवर लावून बघू. समजा बाजारात दहा जुने फ्रिज आहेत. पाच चांगले, खरी किंमत ८,००० रुपये. पाच बिघडत आलेले, किंमत २,००० रुपये. कोणता कसा आहे हे मालकाला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाईक सरासरी काढून ५,००० रुपये देऊ करतं. चांगल्या फ्रिजचा मालक म्हणतो, "एवढ्यात देण्यापेक्षा घरीच राहू दे." तो बाजारातून उठतो. उरतात फक्त खराब फ्रिज. गिऱ्हाइकाच्याही हे लक्षात येतं आणि भाव २,००० वर येतो. वस्तू चांगली असूनही पडत्या भावाने जाते, कारण तिचा चांगुलपणा सिद्ध करता येत नाही.

आता भोकर आणि पुण्याची तुलना करून बघा. पुण्यात गिऱ्हाइकं भरपूर, पण कोणी कोणाला ओळखत नाही. भोकरसारख्या तालुक्याच्या गावात गिऱ्हाइकं मोजकी, पण माहिती मात्र पूर्ण. "तो सरांच्या घरचा फ्रिज ना? दोघंच माणसं, उन्हाळ्यापुरता लावायचे," एवढ्या वाक्यावर सौदा होतो. इथे वस्तूसोबत घराचं नावही विकलं जातं. म्हणून लहान गावात चांगली जुनी वस्तू सहसा दुकानात जातच नाही. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी यांच्यातच ती फिरते.

शिलाई मशीन बघा. तिचा विश्वास तिच्या रचनेतच आहे. सगळे भाग उघडे, पार्ट्स कुठेही मिळणारे, मेकॅनिक गल्लीत. दोन मिनिटं चालवून बघितली की कळतं. म्हणून पंचवीस वर्षांच्या शिलाई मशीनलाही गिऱ्हाईक असतं आणि पाच वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक मशीनला नसतं. ज्या मशीनचं पोट बघता येतं, तिचा भाव टिकतो.

४. धातूची परीक्षा

पितळेच्या हंड्याला बिल लागत नाही, वॉरंटी कार्ड लागत नाही. काटा आणि डोळा एवढंच लागतं. माहितीची जी दरी फ्रिजच्या बाबतीत आहे, ती इथे जवळजवळ नाही. धातूनुसार थोडक्यात बघू.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण दोन-तृतीयांश तांबं. घनता ८.५ च्या आसपास. घरच्या घरी तपासायचं असेल तर आर्किमिडीजला बोलवा! ४ किलोचं भांडं दोरीने काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. वजन साधारण ४७० ग्रॅमने कमी दिसलं तर ४००० भागिले ४७०, म्हणजे घनता ८.५. पितळ बरोबर. भांड्यात हवा अडकू देऊ नका, नाहीतर उत्तर चुकेल. पितळेत आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईवाल्याला साधी कोळशाची भट्टी पुरते. नवसागर टाकून तो पृष्ठभाग साफ करतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. आपल्या भाषेत ही 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स'.

कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ आणि २२ या प्रमाणात. कथील महाग, म्हणून काशाची मोडही पितळेपेक्षा चढी. टिचकी मारली की घंटेसारखा लांब आवाज येतो.

स्टीलमध्ये फसगत होऊ शकते. चांगल्या भांड्यांचं स्टील '३०४' ग्रेडचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. याला लोहचुंबक चिकटत नाही, फारतर वाकवलेल्या कडेला किंचित ओढ जाणवते. '४३०' ग्रेडमध्ये निकेल नसतं आणि चुंबक घट्ट चिकटतो. भंगारवाल्यांच्या खिशात लोहचुंबक असतो तो यासाठीच. पण '२००' मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि तेही चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे चुंबक 'हे नक्की हलकं' एवढं सांगतो, 'हे नक्की भारी' असं सांगू शकत नाही. लॉजिकच्या तासाला याला 'नेसेसरी बट नॉट सफिशियंट' म्हणतात.

ज्याला आपल्याकडे 'जर्मन' म्हणतात ते ॲल्युमिनियम. हलकं, घनता २.७. खाणीतून नवं काढायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या सुमारे ५ टक्क्यांत जुनं वितळवता येतं. म्हणून चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यालाही भाव असतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं. म्हणून मेलेली बॅटरीही दुकानदार नव्यावर वळती करून घेतो. बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकणारे नवे नियमही २०२२ साली आले आहेत. जुनी बॅटरी गल्लीत फोडायला देऊ नका. त्यातलं ॲसिड आणि शिसं शेवटी आपल्याच बोअरच्या पाण्यात उतरतं.

५. एकजिनसी आणि खिचडी

आता फ्रिजची मोड एवढी कमी का, हे कळेल. हंडा एकाच धातूचा. फ्रिज म्हणजे खिचडी : पत्रा, प्लास्टिक, दोन पत्र्यांमध्ये चिकटवलेला फोम, काच, गॅस, कॉम्प्रेसर. त्यातलं तांबं वेगळं काढायला मजुरी लागते आणि फोम कोणी घेत नाही. त्यातही काही मोटारींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वाइंडिंग असते. जितक्या वस्तू एकमेकींना चिकटवाल तितकी मोड कमी. नव्या प्रॉडक्टचं डिझाइन करताना 'हे शेवटी सुटं कसं होईल' हा प्रश्न पहिल्याच ड्रॉइंगला विचारायला हवा.

लाकडाचंही तसंच. आपला किनवटचा भाग सागाच्या जंगलासाठी ओळखला जातो. जुन्या वाड्यातली सागवानी चौकट, खांब, तुळया उतरवल्या की लोक विकत घ्यायला येतात, कारण सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी सहज लागत नाही. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे ते नव्याने वाकतही नाही. रंधा मारला की पुन्हा नवं. याउलट पार्टिकल बोर्डचं कपाट म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक. एकदा स्क्रू काढला की त्याच भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. घर बदलताना दोनदा उघडलं की कपाटाची किंमत संपली.

काही वस्तू मात्र न झिजताच मरतात. जुना डबा टीव्ही उत्तम चालतो, पण फुकट देतो म्हटलं तरी कोणी नेत नाही. याला 'ऑब्सोलेसन्स' म्हणतात. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. मागच्या बाजूच्या कॉइलमधल्या तांब्यासाठी ट्यूब फोडली जाते आणि काच नाल्यात जाते. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. पण नियम तालुक्याच्या नाल्यापर्यंत पोचवायला आपल्यालाच चालावं लागेल.

६. तीन लपलेले खर्च

विजेचं बिल. समजा जुना फ्रिज नव्यापेक्षा रोज १.२ युनिट जास्त खातो आणि युनिटला ८ रुपये पडतात. वर्षाला ४३८ युनिट, म्हणजे ३,५०४ रुपये. तो फ्रिज ३,००० ला स्वस्त मिळाला म्हणून आणला, तर दुसऱ्या वर्षी तो दुप्पट महाग झालेला असतो. विजेच्या बचतीची स्टार लेबलची योजना आपल्याकडे २००६ मध्ये सुरू झाली. जुनी वस्तू घेताना हे लेबल आणि त्यावरचं वर्ष दोन्ही बघा, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात.

नव्या वस्तूची किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ४०,००० मूळ किमतीचा एसी ५१,२०० चा ४७,२०० ला झाला. ज्याने आदल्या महिन्यात घेतला, त्याच्या एसीची किंमत एकही बटण न दाबता कमी झाली, कारण जुन्याचा भाव नेहमी नव्याच्या भावाच्या सावलीत उभा असतो.

हप्ते. ३०,००० चा टीव्ही महिना २,५०० च्या बारा हप्त्यांवर घेतला. चार महिन्यांनी अडचण आली. देणं अजून २०,००० आहे आणि समजा बाजारात मिळतात १४,०००. म्हणजे टीव्ही विकूनही अंगावर ६,००० उरतात. अशी वस्तू 'मालमत्ता' म्हणून मोजायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक गंमत सांगते. घरात एकच वस्तू अशी आहे जिला घसारा नाही : गॅसचं सिलिंडर! ते आपलं नसतंच, तेल कंपनीचं असतं. आपली असते फक्त अनामत रक्कम, आणि कनेक्शन परत केलं की पावतीवर असते तेवढी ती परत मिळते. अर्थात वीस वर्षांपूर्वीच्या रुपयात आणि आजच्या रुपयात फरक आहेच.

७. थांबण्याची ऐपत

आता मुख्य मुद्दा. समजा एका वस्तूला योग्य गिऱ्हाईक मिळालं तर ६,००० येतील, पण त्यासाठी महिनाभर थांबावं लागेल. भंगारवाला आत्ता २,५०० देतो. फीची शेवटची तारीख उद्या आहे. मग ६,००० चा काय उपयोग? फरक ३,५०० चा. म्हणजे एक महिना थांबण्याची ऐपत हीच ३,५०० रुपयांची आहे. आपल्याकडे म्हणतात, 'गरजवंताला अक्कल नसते'. मला ही म्हण अन्यायाची वाटते. गरजवंताला अक्कल असते, वेळ नसतो.

आणि आपल्या भागात ही वेळ सगळ्यांवर एकदम येते. सोयाबीन-कापूस गेला की एकाच आठवड्यात विकणारे वाढतात आणि घेणारे गायब होतात. फ्रिज-टीव्हीचं गिऱ्हाईक गावातच असतं आणि तेही त्याच पावसावर जगतं. त्यामुळे या वस्तूंचा भाव नेमका गरजेच्या वेळी पडतो. तांब्या-पितळेचं तसं नाही. तांब्याचा भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजसारख्या बाजारात ठरतो, जो १८७७ पासून चालू आहे. भोकरला पाऊस पडला की नाही, हे त्याला माहीतही नसतं. स्थानिक दुकानदार अडलेल्याला थोडा कमी भाव देईल, पण तळ फार खाली जात नाही. आजी सांगते की १९७२ च्या दुष्काळात घरातून आधी हंडे-घागरी गेल्या आणि मग बैल. तेव्हा मला ती फक्त दुःखाची गोष्ट वाटायची. आता कळतं की रुखवतात मांडलेली ती भांडी म्हणजे बायकांच्या नावाचं बचत खातं होतं, आणि त्या खात्यातून पैसे काढायला कोणाची सही लागत नव्हती.

२०२५ चा पावसाळा आठवा. १७-१८ ऑगस्टला मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, हसनाळला माणसं गेली. सप्टेंबरमध्ये नांदेड, लातूर, धाराशिव, बीड सगळीकडे अतिवृष्टी. अशा पाण्यात पार्टिकल बोर्ड फुगून फुटतं, फ्रिजचा फोम पाणी पितो, सर्किट बोर्ड मरतो. पितळेची कळशी चिखलातून काढून चिंचेने घासली की पुन्हा तीच कळशी. आणि सरकारी मदत? आपत्ती मदत निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत, ज्यांचं घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं, अशा कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरगुती सामानासाठी २,५०० रुपये धरले आहेत. एका घरातल्या सगळ्या भांड्यांची ही 'गिव्हन' किंमत. आपल्या स्वयंपाकघराची यादी करून ती या आकड्याशी एकदा ताडून बघा.

कायद्याला भांड्यांचं खरं मोल अगदीच माहीत नाही असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार कर्जाच्या वसुलीसाठी जप्ती आली तरी घरातले आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्माच्या रूढीनुसार बाई अंगावेगळा करू शकत नाही असा दागिनाही नाही. हे कलम प्रत्येकाला पाठ असायला हवं, सॅल्व्हेज व्हॅल्यूच्या व्याख्येसारखं.

८. मोडीतून वाचलेल्या वस्तू

कधीकधी तिसरीच किंमत तयार होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी त्यांचं संग्रहालय केलं आणि पुढे ते महाराष्ट्र सरकारला दिलं. त्यात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. अशा किती वस्तू एरवी मोडीत वितळल्या असत्या! म्हणून कोरीव काम असलेला दिवा किंवा अडकित्ता वजनावर देण्याआधी जाणकाराला दाखवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आणि हा सगळा बाजार चालवणारी माणसं? जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, कचऱ्यातून वस्तू वेचणाऱ्या बायका. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली अशा कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच रेट कार्ड आहे! आपण ज्याला कचरा म्हणतो त्याची किंमत काढणारे हे लोक आपल्याआधीचे कॉस्ट इंजिनिअर आहेत.

९. विकताना लक्षात ठेवा

१. बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. हा कागद म्हणजे विश्वास.
२. मशीन चालू असतानाच विका. बंद पडल्यावर ते भंगारवाल्याचं.
३. काटा तपासा. एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली किलोच्या किंचित वर दाखवायला हवी.
४. धातू वेगवेगळे करा. पितळ लोखंडात मिसळलं की भाव लोखंडाचा लागतो.
५. दोन किमती आधी काढा : वापराची आणि मोडीची. मगच भावाला बसा.
६. वायर जाळून तांबं काढू नका. त्या धुराची किंमत फुप्फुस देतं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करते. 'जुनं ते सोनं' म्हणून सगळ्यांनी पुन्हा पितळ घ्यावं, असं मला म्हणायचं नाही. हंडा व्याज देत नाही, आणि तो घासून, डोक्यावर पाणी वाहून आजीची मान दुखायची हे मी बघितलं आहे. वॉशिंग मशीनची किंमत तिच्या मोडीत नाही, आईच्या न दुखणाऱ्या कंबरेत आहे. ते जरूर घ्यावं, पण वापरासाठी. बचत म्हणून नाही. फ्रिज ही सोय आहे आणि हंडा ही पुंजी. या दोन वेगवेगळ्या रकान्यांतल्या वस्तू आहेत. रकाने बदलले की अडचणीच्या दिवशी हिशेब चुकतो, आणि तो दिवस आपल्या भागात सांगून येत नाही.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की एक वही घ्या, दोन रकाने आखा आणि घरातल्या वस्तू लिहून काढा. आई-आजीला शेजारी बसवा. सबमिशनपेक्षा सोपं आहे, आणि इथे 'गिव्हन' काही नाही. सगळं तुम्हालाच काढायचं आहे!